डब्याचं काय केलं?

नलू,

तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. त्यातले पहिले दोन दिवस मी स्वयंपाकघरात ओट्यावर डबे मांडून बसलो होतो. तू गेल्यापासून आपल्याकडे गॅस पेटला तो फक्त चहापुरता, पण एकही जेवण चुकलं नाही. जबलपूरच्या गोरखपुरातली आपली अर्धी गल्ली ओट्यावर येऊन बसली होती. पोळ्यांचे डबे, वरणाचे डबे, झाकण एकाचं आणि बूड दुसऱ्याचं असे डबे. प्रत्येकाच्या बुडाला काहीतरी खूण. कुठे ऑइलपेंटचा ठिपका, कुठे कोरलेलं नाव, कुठे नुसताच खिळ्याने ओढलेला फराटा. तू असतीस तर खूण न बघता सांगितलं असतंस कोणाचा कोणता. मी चष्मा लावून एकेक उलटा करून बघत होतो आणि तरी दोन डबे चुकीच्या घरी देऊन आलो.

बरं, द्यायचे तरी कसे? जन्मभर तुझं एकच, भांडं रिकामं परत जाता कामा नये. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. आता सुतक फिटलेल्या घरातून डबा भरून द्यायचा की रिकामा, हे मला माहीत नाही, आणि ज्या व्यक्तीला विचारायचं तीच गेली. मी आपला प्रत्येकात साखर घालत सुटलो. शेजारच्या मिश्रा भाभी स्वतःच आल्या. "अरे भाईसाहब, ऐसे में कोई भरके देता है क्या? लाइए, खाली दीजिए." त्यांनी साखर ओट्यावरच्या वाटीत काढली आणि रडायलाच लागल्या. मी सांत्वन करायला हवं होतं बहुतेक. मी विचारलं, "तो फिर ये साखर वापस डब्बे में डाल दूं?" त्या रडता रडता हसल्या. बरोबर काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं आहे म्हणून कागद आला आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात कोण कोण. ते मी आपल्या मुक्ताला भरायला सांगितलं. मला लिहायचं आहे ते त्या डब्याबद्दल, जो सगळे डबे गेल्यावर ओट्यावर एकटाच उरला.

गोल, पत्र्याचा, निळा. झाकणावरचं चित्र घासून गेलेलं. मुक्ताने तो उचलला आणि म्हणाली, "बाबा, ये वाला किसका है? गल्लीत तर सगळ्यांना विचारलं मी." तो तिला तुझ्या पिठाच्या डब्यामागे सापडला होता आणि तिने तो बाकीच्यांबरोबर ओट्यावर आणून ठेवला होता. मी म्हटलं, "तो इथला नाही." "मग कुठला?"  तिनेच तर आपल्याला तिकडे पाठवलं होतं.

आठवतं का, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने जहाजाची सफर ठरवली, तर तू म्हणालीस, "बर्फच बघायचं तर फ्रिज उघडा ना बाप्पा." आणि मग सदर बाजारात जाऊन तीन दुकानं पालथी घालून लोकरीचे मोजे घेतलेस, मेतकूट केलंस, आणि एक मोठा डबा शंकरपाळ्यांचा. मी म्हटलं, जहाजावर पाच वेळा खायला देतात. तू म्हणालीस, "ते आपल्याला. आपण कोणाकडे गेलो तर?" उत्तर ध्रुवाजवळ आपण कोणाकडे जाणार होतो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पहिला हिमनग दिसला तेव्हा डेकवर सगळे श्वास रोखून उभे होते. कोणी कुजबुजतसुद्धा नव्हतं. आणि तू खणखणीत आवाजात म्हणालीस, "अहो, हे तर आपलं भेडाघाट!" किती चिडलो होतो मी. आधी नागपूर, मग दिल्ली, मग मुक्ताचं कोपनहेगन, मग आणखी एक विमान, मग चार दिवस गरगरणारं जहाज, ते काय भेडाघाट बघायला? पण मग माझ्याही डोळ्यासमोरून ते जाईना. नर्मदेतले पांढरे खडक सुटून वाहत निघाले आहेत असंच ते दिसत होतं. हे तुला सांगायचं राहिलं. बरंच काही राहिलं, हे त्यातलं सोपं.

मग ते गाव. त्याचं नाव मला आजही धड म्हणता येत नाही. खडकावर ठेवून दिल्यासारखी पंचवीस-तीस लाकडी घरं, लाल, पिवळी, हिरवी. झाड म्हणून एक नाही, रस्ता म्हणून नाही. साखळीला बांधलेली कुत्री, आणि वाळत घातलेले मासे, आपल्याकडे दोरीवर कपडे असतात तसे घराघरासमोर. आदल्या दिवशी जहाजावर सगळ्यांना बसवून नियम सांगितले होते. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. गावातून खडासुद्धा उचलायचा नाही. खायची वस्तू किनाऱ्यावर न्यायची नाही. रबरी होडीत बसण्याआधी बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. मी सगळे नियम लिहून घेतले, तीस वर्षं वीज खात्यात काढलेला माणूस आहे मी. तू फक्त एवढंच विचारलंस, "म्हणजे शंकरपाळ्या नाही?" नाही म्हटल्यावर तुझा चेहरा पडला. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायची ती तुझी पहिलीच वेळ असावी.

चारचार जणांना एकेका घरी कॉफीला बोलावलं होतं. आपल्या वाट्याला ती म्हातारी आली, पिवळ्या घरातली. दारात बूट काढायचे म्हटल्यावर तू माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलंस, जणू ती तुझ्या माहेरचीच निघाली. आत स्टोव्हची ऊब आणि माशाचा वास. मला वाटलं आता तू ओकतेस की काय, अंडंसुद्धा न खाणारी बाई. तिने वाळलेल्या माशाची बशी पुढे केली. तू हात जोडलेस. तिला ते काय कळलं कोण जाणे, ती उठली आणि वाटीत काळी, मकोयसारखी बारीक फळं घेऊन आली, वर साखर घालून. तू तीनदा मागून घेतलीस. तीनदा, नलू! व्याह्यांकडे दुसऱ्यांदा भात न घेणारी तू.

आणि तू तिच्याशी मराठीत बोलायला लागलीस. सरळ मराठीत! "मिस्टर कुठे आहेत तुमचे? मुलं किती?" ती तिच्या भाषेत सांगत होती. भिंतीवरचे फोटो दाखवत होती, तू मान डोलवत होतीस, "अच्छा, अच्छा" करत होतीस. आपल्याबरोबरचं जोडपं माझ्याकडे बघत होतं आणि मी छताकडे. परत निघताना तू मला सांगितलंस, तिचा नवरा समुद्रात गेला, दोन मुलं आहेत, धाकटा दूर असतो, आणि तिचा डावा गुडघा फार दुखतो.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. तुम्ही काय छत मोजून राहिले होते का?"

मी हसलो. दोन वर्षं हसत राहिलो. चार लोकांत हा किस्सा सांगायचो, की आमच्या हिला तिथली भाषा येते.

निघताना तिने ती फळं या निळ्या डब्यात भरली, झाकण दाबलं आणि तुझ्या हातात दिला. तू थबकलीस. मला कानात म्हणालीस, "ह्याच्यात आत्ता काय घालून देऊ?" मी म्हटलं, "अगं, ती तुला देतेय, तू काय देतेस? चल, भोंगा झाला." आणि तू जाकिटाच्या आत डबा लपवून, चोरी केल्यासारखी, त्या उतारावरून खाली आलीस. जहाजावर कोणी जाकीट उघडायला सांगतं की काय म्हणून मला घाम फुटला होता, त्या थंडीत.

केबिनमध्ये तू दोन दिवसांत फळं संपवलीस. बोटं जांभळी झाली होती. डबा धुतलास, पुसलास आणि उलटा केलास. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या महिन्यापर्यंत संपलं नाही. तू म्हणायचीस, "खूण काहून करतात? परत यावा म्हणून. जो डबा देऊनच टाकायचा त्याला कोणी खूण करतं का? तो तिच्या रोजच्या घरातला डबा आहे, तो फिरून परत जायचा असतो." मी म्हणायचो, ठिपका गंजाचाही असू शकतो. मग तू नखाने खरवडून दाखवायचीस. मी म्हणायचो, बरं, असेल नेलपॉलिश, पण भेट ही भेट असते, मिठाईवाला खोका परत मागतो का? तू म्हणायचीस, "ती मिठाईवाला नाही ना जी." मी म्हणायचो, इतकंच असेल तर साखर घाल आणि पाठवून दे मुक्ताकडे. "साखर? इतक्या दुरून साखर? इतके दिवस ठेवून घेतला आणि साखर?" मग तू रागावून पोळ्या लाटायचीस आणि त्या दिवशी पोळ्या जाड यायच्या.

दोन वर्षं, नलू. आपण संपत्तीवरून भांडलो नाही, मुलीच्या लग्नावरून भांडलो नाही, भांडलो ते पत्र्याच्या एका डब्यावरून. लोकांना हसू येईल. मलाही यायचं.

आता दवाखान्यातलं. शेवटच्या संध्याकाळी तू डोळे मिटूनच विचारलंस, "डब्याचं काय केलं?" त्या सकाळीच मी मिश्रा भाभींचा खिचडीचा डबा देऊन आलो होतो. मी म्हटलं, "दिला परत."

"भरून?"

"हो, भरून."

ते खोटं होतं. रिकामाच दिला होता, घाईत, धुतलेलासुद्धा नीट नव्हता. पण तुझ्या कपाळावरची आठी गेली. "अच्छा," म्हणालीस आणि झोपलीस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, कोणाशीच नाही.

ओट्यावर हा एकटा निळा डबा बघितला आणि तुझा तो प्रश्न आठवला. तू कोणत्या डब्याचं विचारत होतीस? मिश्रा भाभींच्या डब्यासाठी कोणाच्या कपाळाला आठी पडते? की पडते, तुझ्या पडत असे? मी सारखा ते तीन शब्द कानात ऐकून बघतोय आणि मला ठरवता येत नाही. तुझ्या अस्थी नर्मदेत, ग्वारीघाटला सोडतानाही मी गुरुजींकडे बघत नव्हतो, कारण आदल्याच रात्री मला वाटलं होतं की तू काहीतरी विचारलं होतंस आणि मी चुकीचं उत्तर दिलं. काय विचारलं होतंस ते डबा दिसेपर्यंत आठवत नव्हतं.

मुक्ताने झाकण उघडलं. मला वाटलं रिकामा असेल. आत शंकरपाळ्या होत्या, काठोकाठ, वर कागद. दवाखान्यात जायच्या आधी त्या आठवड्यात तू केलेल्या. मुक्ता म्हणाली, "आई हे कोणासाठी ठेवून राहिली होती?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दर महिन्याला, साधारण सुरुवातीला, मला चहाबरोबर शंकरपाळ्या मिळायच्या. जरा मऊ पडलेल्या. मी कुरकुर करायचो, "अगं, ताज्या का नाही देत कधी?" तू म्हणायचीस, "खाऊन घ्या चुपचाप." दर महिन्याला तू तो डबा रिकामा करत होतीस आणि ताज्या भरत होतीस, कोणी तिकडे जाणारं अचानक भेटलं तर तयार असावा म्हणून. जबलपूरच्या गोरखपुरातून उत्तर ध्रुवाकडे अचानक कोण जाणार होतं, सांग? आणि मी दोन वर्षं त्या म्हातारीचा शिळा वाटा खात होतो आणि वर तोंड वाकडं करत होतो.

रागही आला. मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी पुन्हा हसलो असतो, म्हणून. हे मीच माझ्याशी बोललो आणि मलाच वाईट वाटलं.

आता मला तुला एक सांगायचं आहे. ते मी दोन वर्षं सांगितलं नाही आणि मुक्ताला पहिल्यांदा परवा सांगितलं.

परत येताना रबरी होडीत तू पाठ किनाऱ्याकडे करून बसली होतीस. मी समोर होतो. आपण जेमतेम निघालो होतो. ती म्हातारी खाली आली, उतारावरून, घाईघाईने. डावा पाय ओढत. पाण्यात शिरली, नडगीपर्यंत, तशीच, घरातल्या चपलांनी. हात पुढे केला होता आणि बोटं आत मिटत होती, उघडत होती. आपल्याकडे असा हात 'ये' म्हणायला करतात, 'दे' म्हणायलाही करतात. तिकडे टाटा असाच करतात का, मला माहीत नाही. तू विचारलंस, "काय बघून राहिले?" मी म्हटलं, "काही नाही. म्हातारी टाटा करून राहिली." तू मागे न वळता हात वर करून हलवलास. जाड जाकिटांमुळे वळता येत नव्हतं तुला.

होडीवाल्याला थांबवता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण माझी बोटं सुन्न झाली होती आणि मला लघवीला जायचं होतं. एवढंच कारण आहे, नलू, दुसरं काही नाही. शोधून बघितलं मी.

आणि म्हणूनच मी भांडत राहिलो. तो डबा भेट होता हे मला सिद्ध करायचं होतं, तुझ्यासमोर नाही, माझ्यासमोर. तिचा डावा गुडघा दुखतो हे तू मला सांगितलंस त्याच्यानंतर अर्ध्या तासात मी तो गुडघा डोळ्यांनी बघितला. तरी चार लोकांत तुझी भाषेवरून थट्टा करत राहिलो. तू बरोबर होतीस म्हणालो असतो तर विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं? मग सगळंच सांगावं लागलं असतं.

ती काय मागत होती, मला खरंच माहीत नाही. कदाचित डबा. कदाचित तू परत ये म्हणत असेल. कदाचित काही विसरलं होतं आपलं. कदाचित तो टाटाच होता आणि मी उगाच दोन वर्षं जळत राहिलो. तुला सांगितलं असतं तर तू एका मिनिटात ठरवलं असतंस, आणि ते बरोबरही निघालं असतं. आता ठरवणारं कोणी नाही.

मुक्ता सगळं ऐकून घेऊन इतकंच म्हणाली, "बाबा, शनिवारी मी जाऊन राहिली ना. तिकडून पोस्टाने जातं. मी पाठवते." मी म्हटलं, नाव नाही, पत्ता नाही. ती म्हणाली, "गाव का नाम तो जहाज के कागज में होगा. फोटो आहे का तिचा?" होता. दारात तुम्ही दोघी, तिने तुझं कोपर धरलेलं, तुझ्या हातात डबा. तेवढा एक मी विचारून काढला होता. मुक्ता म्हणाली, एवढ्याशा गावात दुकानातच पोस्ट असणार, पत्त्याच्या जागी हा चिकटवला की कोणीही नेऊन देईल. म्हातारी नसली तर तिच्या घरी देतील.

मग प्रश्न राहिला शंकरपाळ्यांचा. तुझ्या हातचं या घरात आता दुसरं काही नाही. लोणचं संपलं, मेतकूट मुक्ता घेऊन चालली. मी म्हटलं, या काढून ठेवू आणि दुसरं काहीतरी भरू, बाजारातून आणू. मुक्ताने झाकण लावून डबा माझ्यापुढे सरकवला. मी डबा माझ्या खोलीत नेला, उशाशी ठेवला, दुपारभर नुसता बसून राहिलो. मग त्यातली एक काढून खाल्ली. अजून कुरकुरीत होती. पहिल्यांदाच मला ताजी मिळाली. कागद पुन्हा नीट घातला, झाकण दाबलं आणि मुक्ताला आणून दिला. ती एक तेवढी माझी, रागावू नकोस.

काल रात्री तिने कोपनहेगनच्या भाषेत, ती त्या गावातही चालते म्हणे, चिठ्ठी लिहायला घेतली. "काय लिहू?" मी म्हटलं, लिही, डबा परत करायला उशीर झाला, माफ करा. गुडघा कसा आहे ते विचार. तिने ते लिहिलं. "आईबद्दल?" मी म्हटलं, काही नको. त्या एका घरात तरी तू गेलेली नाहीस, तेवढं राहू दे. खाली सही कोणाची, तिने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

आज सकाळी मुक्ता गेली. डबा तिने सामानात टाकला नाही, हातातल्या पिशवीत घेतला. ओटा आता पूर्ण रिकामा आहे, मी पुसूनही काढला.

दिला, नलू. भरून दिला.